आत्याबाईंची खपली

स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात. पण मी दातांची डॉक्टर, माझं पोट दुसऱ्यांच्या तोंडावर चालतं, तेव्हा हा नियम मला लागू नाही. सरळच सांगते, खपली माझी आहे. आज अक्कलदाढ काढल्यावर त्या खड्ड्यात जी मसुराएवढी मऊ गोळी बसवतात, ती पहिल्यांदा बसली दहिवडीत, एसटी स्टँडसमोरच्या माझ्या दवाखान्यात. पुण्यात नाही, बंगळुरात नाही. दहिवडीत. हे मी भेटेल त्याला दोनदा सांगते.

आणि ती आज जशी आहे तशी झाली, ती माझ्या सासूबाईंमुळे. हे मी तीनदा सांगते.

आधी थोडं शास्त्र. दाढ उपटली की तिथे खड्डा पडतो. त्यात रक्त भरतं आणि गोठून त्याची गुठळी होते. लोकांना ती घाण वाटते, थुंकून टाकावीशी वाटते. खरं तर ती त्या खड्ड्याचं छप्पर असते. तिच्याखाली हाड आणि नस झाकलेली राहते, तिच्याच आधाराने नवं मांस धरतं. छप्पर उडालं की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांत असा ठणका लागतो की माणूस कानशील धरून बसतो. आम्ही डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतो. माझे पेशंट 'कोरडा खड्डा' म्हणतात, आणि मला त्यांचंच नाव आवडतं.

छप्पर उडायला फार काही लागत नाही. पहिल्याच दिवशी खळखळून गुळण्या केल्या, जोरात थुंकलं, नळीने उसाचा रस ओढला, विडी ओढली, की झालं. आणि तंबाखू. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्या खड्ड्याला रक्तच पुरत नाही. आमच्याकडच्या बायका विडी ओढत नाहीत, त्या मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. मग थुंकायचं. म्हणजे जे जे करू नये, ते सगळं एकाच बैठकीत.

यावर मी खपली काढली. पेशंटचंच थोडं रक्त घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवून त्यातला गोठणारा चिकट भाग वेगळा करायचा आणि रेशमाच्या जाळीत भरून खड्ड्यात बसवायचा. हे निम्मं काम जुनंच होतं. माझी भर होती जाळीतल्या राळ्याच्या दाण्याएवढ्या कणाची. लाळेतल्या क्षारांवर त्याला पुरेल इतकी वीज तयार होते. तोंडात ओढ बसली, जखम तापली, निकोटिन आलं, की त्याला कळतं. ओढ बसताच तो जाळी घट्ट करतो, सूज दिसली तर औषध सोडतो. जखम भरली की सगळं विरघळून जातं.

आणि तो कण बातमी देतो. एक माझ्या दवाखान्याला आणि एक पेशंटच्या घरच्या जबाबदार माणसाच्या फोनला. ही दुसरी बातमी 'दंतवेध' कंपनीची कल्पना. खपलीच्या चाचणीला यंत्रं त्यांनीच दिली होती. त्यांचा पराग टिळेकर नावाचा तरुण अधिकारी मला म्हणाला होता, "मॅडम, पेशंट खोटं बोलतो. खपली नाही."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते दवाखान्यात फ्रेम करून लावणार होते.

*

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्यांचं नाव शालन. पण ते नाव घरात कुणी घेत नसे. माझे पती सुजय त्यांना आई म्हणायचे, मी आत्याबाई, सासरे 'अगं' म्हणायचे, आणि गाव 'अध्यक्षीणबाई' म्हणायचं. कारण सासरे, म्हणजे आमचे मामा, हणमंतराव माने, हे आमच्या गावच्या, धामणवाडीच्या, व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते. तरुणपणी स्वतः तंबाखू सोडली आणि तेव्हापासून दुसऱ्याला सोडायला लावायचं व्यसन लागलं.

आत्याबाईंच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या होत्या. डावी दुखायला लागली तेव्हा मामा त्यांना दवाखान्यात घेऊन आले आणि खुर्चीशेजारी हाताची घडी घालून उभे राहिले.

"आत्याबाई, तंबाखू, मिश्री काही?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"न्हाई बया," आत्याबाई छताकडे बघत म्हणाल्या.

"हॅ! आमच्या घरात?" मामा हसले. "अध्यक्षाच्या घरात मिश्री?"

मी आत्याबाईंच्या तोंडात आरसा धरून उभी होते. दातांच्या कडा काळ्याभोर. घरामागे पाणी तापवायच्या चुलीजवळ एक चपटा दगड आहे. रोज सकाळी मामा फिरायला गेले की आत्याबाई, शेजारच्या इंदूमावशी आणि आणखी दोघी-तिघी तिथे टेकायच्या. डबी फिरायची. दिवसभरात या बायका बूड टेकवून बसलेल्या दिसायच्या त्या तेवढ्या वेळी. डबी कुठे लपवलेली असते हे मला माहीत होतं, इंदूमावशींना माहीत होतं, आमच्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मामांना नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली, आणि अध्यक्षाच्या घरी जरा झाकलेली, इतकंच.

मी आरसा बाजूला ठेवला. मनात म्हटलं, खपली मला सांगेलच, मग मी हळूच दटावेन. दाढ सुरेख निघाली, खपली बसली. घरचं जबाबदार माणूस म्हणून मी मामांचा नंबर घातला. त्यात विचार करण्यासारखं मला काही वाटलंच नाही. बाईचं जबाबदार माणूस म्हणजे तिचा नवरा, आमच्याकडे कुठल्याही कागदावर दुसरं नाव मी पाहिलेलं नाही.

*

दोन दिवसांनी हायस्कूलच्या मैदानावर तंबाखूमुक्तीची शपथ होती. मामा बोलत होते. पाहुणी म्हणून मी व्यासपीठावर होते. समोर पोरं, मागे गावकरी, आणि बायकांच्या पहिल्या रांगेत गालावर पदर घेतलेल्या आत्याबाई.

दरवेळी चष्मा शोधावा लागू नये म्हणून मामांनी फोनला संदेश मोठ्याने वाचून दाखवायला शिकवलं होतं. तो फोन त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होता आणि खिसा माइकला चिकटला होता.

"सुधारणा घरापासून होते!" मामा गरजले. "मी छातीठोकपणे सांगतो..."

"सूचना," त्यांच्या छातीतून गोड बायकी आवाज आला आणि चारी कर्ण्यांतून मैदानभर पसरला. "सौ. शालन हणमंतराव माने यांच्या जखमेत तंबाखूचा अंश आढळला आहे. कृपया त्यांना तंबाखूपासून दूर ठेवा."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष, दिव्याखाली अंधार!" आणि सगळं मैदान हसलं. पोरं हसली, मास्तर हसले, पुरुष तर मांड्या थोपटून हसले. बायका मात्र हसल्या नाहीत. त्यांच्यातल्या निम्म्याजणींनी नकळत तोंडावर पदर घेतला होता.

आत्याबाई उठल्या. त्यांनी पदर नीट केला आणि रांगेतून चालत बाहेर गेल्या. घाई केली नाही. त्यांची ती पाठ मला अजून दिसते, आणि खरं सांगते, माझ्या खपलीची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

घरी मामा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं माझ्या नाकाखाली! माझ्या तोंडाला काळं फासलंस तू!"

"काळं मी माझ्याच तोंडाला लावत हुते," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या न्हाई."

त्यानंतर मामांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तरी मला सांगायचे.

मी आत्याबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेले. "आत्याबाई, असं व्हायला नको होतं. पण तुम्ही मला खरं सांगितलं असतंत तर..."

"त्ये उभे हुते की गं तिथं!" त्या गर्रकन वळल्या. "नवरा उशाला उभा करून तू मला इचारतीस, आन् मी खरं सांगू? डाक्टरीण हायेस का खुळी?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या तोंडात पोलीस बसवलास तू, केतकी."

*

दुसऱ्या दिवशीपासून खपलीची बातमी येणं बंद झालं. मला वाटलं, कणाची वीज संपली असेल. आत्याबाई पदराआडून कामं करत होत्या, जेवायला नको म्हणत होत्या. रागावल्या आहेत, निवळतील, असं मी धरून चालले.

मग इंदूमावशी दवाखान्यात आल्या. पेशंटच्या रांगेला न जुमानता थेट आत.

"डाक्टरीणबाई, तुमी गावाची दातं बगत बसा. तिकडं शालीचं तोंड उघडंना झालंय."

"काय झालं?"

"ती तुमची काय ती खपली, उपटून टाकली तिनं. मैदानातनं आली ती मोरीत बसली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, बोट घालून घालून काढली. म्हनली, चहाडखोर माझ्या तोंडात नको. आता भिंतीला डोकं लावून बसलीय. सांगू नको म्हनली हुती, पर मला बगवंना."

मी तशीच निघाले. आत्याबाई मागच्या दगडावर बसल्या होत्या, चेहरा सुजलेला, डोळे तांबडे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी बॅटरी लावून पाहिलं. खड्डा कोरडा ठणठणीत, तळाशी हाड दिसत होतं.

दवाखान्यात आणून मी जखम हलक्या हाताने धुतली आणि लवंगतेलाच्या औषधाची पट्टी आत ठेवली. थोड्या वेळाने त्यांचे खांदे सैल पडले.

"लवंगच घालायची हुती," त्या पुटपुटल्या, "तर मग येवढा खटाटोप कशाला केलास गं?"

मी हसले आणि हसता हसता मला रडू आलं. माझ्या खपलीने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. तिने ओळखलं ते बरोबर ओळखलं, सांगितलं ते बरोबर सांगितलं. आणि जे टाळण्यासाठी ती बनवली होती, तेच तिच्यामुळे झालं. कोरडा खड्डा मिश्रीने पडला नव्हता, लाजेने पडला होता.

आत्याबाईंनी माझा हात धरला. "रडू नगंस. दुखतंय कमी. एवढा ठणका हुता न्हवं, कानात वाजायचा. धाड धाड. मी इंदीला इचारलं, तुला ऐकू येतंय का. ती म्हनली, मला काय बी न्हाई. एवढा मोठा आवाज, आन् माझ्या एकटीच्या कानात!"

मी डोळे पुसले. "काय म्हणालात?"

"माझ्या एकटीच्या कानात, म्हनलं."

*

जबड्याचं हाड कानाच्या अगदी शेजारी येऊन टेकतं. आपण चणे खातो तेव्हा आपल्या कानात केवढा आवाज होतो, आणि शेजारच्याला काहीच ऐकू येत नाही. कारण तो आवाज हवेतून जात नाही, हाडातून जातो. मग बातमी फोनला कशाला पाठवायची? राळ्याच्या दाण्याला फोनपर्यंत ओरडायला जितकी ताकद लागते, त्याच्या कितीतरी कमी ताकदीत तो हाडातून कुजबुजू शकतो. ज्याच्या तोंडात आहे त्याच्याशी. आणि फक्त त्याच्याशीच.

मी पराग टिळेकरला फोन केला. नवी खपली बाहेर काहीच पाठवणार नाही, दवाखान्यालाही नाही, हे त्याला सांगितलं.

"मॅडम, मग तुम्हाला कळणार कसं, पेशंटने काय केलं ते?"

"कळणार नाही."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला तर नाहीच नाही."

"डेटा नसेल तर परवानगी समितीपुढे दाखवणार काय? सॉरी मॅडम. अशा खपलीच्या मागे दंतवेध उभी राहू शकणार नाही."

"मग मी उभी राहीन," मी म्हटलं. बोलून गेले खरी, पण फोन ठेवल्यावर आधी कॅलेंडर पाहिलं. चाचणीची मुदत संपत आली होती. समितीने एकदा नाही म्हटलं की खपली कायमची कपाटात गेली असती. आणि चाचणीला बायका आणायच्या कुठून? धामणवाडीपासून म्हसवडपर्यंत बातमी पोचली होती की डॉक्टरणीची खपली चहाडी करते. बायका दाढ काढायला यायच्या आणि आधीच बजावायच्या, "त्ये यंत्र न्हाई हं घालायचं." कोरडे खड्डे पुन्हा वाढायला लागले होते.

नवी खपली तयार झाली त्याच आठवड्यात आत्याबाई दवाखान्यात आल्या. सोबत मामा होते, कारण मोटार तेच चालवायचे. बोलणं अजून बंदच होतं. दोघं एका बाकावर दोन टोकांना बसली होती.

"उजवी काढ," आत्याबाई खुर्चीत बसत म्हणाल्या.

"ती अजून दुखत नाहीये, आत्याबाई."

"आज ना उद्या दुखंलच की. आन् माझ्या तोंडात बसल्याबिगर दुसरी कोण बसवून घेनार न्हाई. गावाला दिसू दे." मग त्यांनी दाराकडे हनुवटी उडवली. "पर आधी त्यास्नी भाईर घाल."

मी मामांकडे वळले. सुनेने सासऱ्याला बाहेर जा म्हणणं आमच्या घरात कधी घडलेलं नव्हतं. "मामा, तुम्ही बाहेर थांबा. इथे फक्त पेशंट आणि डॉक्टर."

मामा काहीतरी बोलणार होते. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेले. मी दार लावून घेतलं.

"हां. आता इचार."

"मिश्री किती वेळा?"

"सकाळ-संध्याकाळ." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "घरात भांडान झालं तर तीनदा. हल्ली तीनदाच हाय."

इतक्या वर्षांत मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. मी त्यांना सगळं समजावलं. ही खपली कुणालाही काही सांगणार नाही. मिश्रीचं बोट आत गेलं, जोरात गुळणी झाली, तर ती तुमच्याच कानात बोलेल. कुणाच्या आवाजात आणि काय बोलायचं, ते तुम्ही ठरवायचं.

"कुनाचा बी आवाज?"

"कुणाचाही. सुजयचा घालू?"

"आन् परत पोरगा वरडतोय म्हनून ऐकू?" त्यांनी नाक मुरडलं आणि मग म्हणाल्या, "इंदीचा घाल."

इंदूमावशींना बोलावलं. त्या माइकपुढे लाजल्या, पदर तोंडात धरला, 'मी काय बोलू' म्हणाल्या. मग एकदम, जसं परसातून हाक मारावी तसं बोलल्या, "शाले, थांब की गं जरा!"

दाढ निघाली. खपली बसवून मी चाचणीचं बटण दाबलं. दवाखान्यात शांतता होती. मला काही ऐकू आलं नाही, इंदूमावशींना आलं नाही. आत्याबाईंनी मात्र डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय का?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तोंडात कापूस होता, तरी बोलल्या. "ह्या गावात आल्यापासनं मला शाली म्हननारी ही येकलीच हाय."

*

काय झालं ते मला माहीत नाही. म्हणजे जखम सुंदर भरली हे माहीत आहे. गुलाबी, घट्ट, दृष्ट लागावी अशी. पण त्या दिवसांत आत्याबाईंनी मिश्री लावली की नाही, हे मला माहीत नाही. सकाळी त्या मागच्या दगडावर बसत होत्या, इंदूमावशीही बसत होत्या. डबी फिरत होती की नुसत्या गप्पा चालल्या होत्या, हे बघायला मी खिडकीशी गेले नाही. माझा पाय दोनदा तिकडे वळला होता, तो मी दोनदा मागे घेतला. तुम्हाला वाटेल यात काय मोठंसं! शास्त्रज्ञ बाईने न बघणं याला केवढा धीर लागतो, ते मला विचारा.

मग एकेकजण यायला लागली. आधी दगडावरच्या, मग त्यांच्या नणंदा-जावा, मग वावरहिऱ्याच्या, मग गोंदवल्याच्या. प्रत्येकीला मी नवऱ्याशिवाय आत घेत होते आणि प्रत्येकजण आपला आवाज आणत होती. कुणी थोरल्या बहिणीचा आणला, कुणी शाळेतल्या बाईंचा. एकीने आपल्या गेलेल्या आईचा जुना संदेश फोनमध्ये जपून ठेवला होता. 'जेवलीस का बाळा,' इतकाच. ती म्हणाली, "एवढं पुरं हाय. ह्ये ऐकलं की माझं बोट आपसूक भाईर येतंय." कोरडे खड्डे कमी होत गेले, आणि शेवटी शेवटी मला लवंगतेलाची बाटली उघडावीच लागेना.

समितीने पुण्याला बोलावलं तेव्हा मी विजेच्या एसटीची एक अख्खी गाडी ठरवली. बायकांना घेऊन जाणार होते. निघताना बघते तर सगळ्यात मागच्या सीटवर मामा, इस्त्रीचं धोतर, फेटा.

"मी आपलं, पुण्यात काम हाय जरा," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

*

समितीची खोली थंडगार होती. लांबलचक टेबलापलीकडे पाच जण. मधोमध अध्यक्ष डॉ. परांजपे, पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका कडेला पराग टिळेकर, कारण दंतवेधने आता स्वतःची, बातमी देणारी खपली समितीपुढे ठेवली होती. त्याच्या मागच्या पडद्यावर रंगीत आलेख होते.

"डॉक्टर माने," बाईंनी मला विचारलं, "तुमचे आलेख?"

"आणलेत." मी बायकांकडे वळले. "आ करा."

आणि माझ्या बायकांनी आ केला. बारा गावच्या बायका, नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, ड्रेसमधल्या, एका रांगेत भिंतीला पाठ लावून उभ्या, सगळ्यांची तोंडं उघडी. दात काळे होते. काळ्या दातांमागच्या जखमा मात्र भरलेल्या, गुलाबी. समितीतले दोघे बॅटऱ्या घेऊन उठले आणि रांगेतून बघत गेले. एका तोंडापाशी थांबले, दुसऱ्यापाशी वाकले. रांग संपली तेव्हा एकमेकांकडे बघून त्यांनी मान डोलावली. माझी छाती अशी फुगली होती की माझ्याच ब्लाऊजची मला काळजी वाटली.

"जखमा उत्तम आहेत," परांजपे बाई म्हणाल्या. "पण यांनी तंबाखू टाळली म्हणून भरल्या, की टाळली नाही तरी खपलीने सांभाळलं, हे कळलं पाहिजे. त्याची तुमच्याकडे नोंद नाही."

"नाही."

"मग विचारूनच बघू." त्यांची नजर रांगेवरून फिरली आणि पहिल्या नंबरवर, आत्याबाईंवर, थांबली. "तुम्ही सांगा, आजी. खरं सांगायचं हं. दाढ काढल्यावर त्या दिवसांत मिश्री लावली होती का?"

हो म्हटलं तर टिळेकर म्हणणार, बघा, लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं. नाही म्हटलं तर त्या काळ्या दातांकडे बघून कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि मागच्या खुर्च्यांत मामा बसले होते. पुन्हा नवऱ्यासमोर, पुन्हा भरल्या सभेत, तोच प्रश्न. मी मध्ये बोलायला उठले. आत्याबाईंनी हातानेच मला खाली बसवलं.

त्यांनी तोंड मिटलं, पदर खांद्यावर नीट घेतला आणि दोन पावलं पुढे आल्या.

"बाई, तुमी लई शिकलेल्या हाय. दाढ बगायचीय तर खुशाल बगा, बॅटरी लावून बगा. पर ह्यो सवाल मला इचारायचा हक्क येकटीला हुता." त्यांनी उजव्या गालावर बोट टेकवलं. "ती हितं बसली हुती. तिनं इचारलं, मी तिला खरं सांगितलं. जल्मात पहिल्यांदा. म्हनून तर भरलं."

परांजपे बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टिळेकर पडद्याकडे वळून आलेख सारखे करायला लागला, जे सारखेच होते.

"आधीच्या खपलीने काही खोटं सांगितलं होतं का तुमच्याबाबतीत?" बाईंनी हळूच विचारलं.

"न्हाई. ती खरंच बोलली," आत्याबाई म्हणाल्या. "पर मला सोडून दुसऱ्याला."

बाईंनी शेजारच्या सदस्यांकडे पाहिलं. मग माझ्यापुढचा कागद ओढून घेतला, त्यावर सही केली आणि म्हणाल्या, "डॉक्टर माने, खपली बाहेर काहीही पाठवणार नाही, ही अट म्हणून लिहिते आहे. फक्त तुमच्याच नाही, सगळ्यांच्याच खपलीला."

टाळी पहिल्यांदा इंदूमावशींनी वाजवली. मग सगळ्या रांगेने. त्या गदारोळात माझ्या कानावर मागून ओळखीचा आवाज आला. मी वळून पाहिलं. मामा उभे राहिले होते, फेटा सरळ करत होते आणि शेजारी बसलेल्या, अजिबात ओळख नसलेल्या एका शिपायाला खांद्याला धरून, बोटाने दाखवून सांगत होते, "त्या पुढं उभ्या हायेत न्हवं, त्यांचं नाव शालन. शालन माने. माझी मंडळी हाय ती."